रिटायरमेंट घेतली, तीन वर्षांत परत आला, अल्बम नंबर वन झाला आणि तरीही फसला : जे-झीच्या ‘किंगडम कम’ची गोष्ट

२५ नोव्हेंबर २००३. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन खचाखच भरलेलं. स्टेजवर होता ३३ वर्षांचा शॉन कार्टर, म्हणजेच जे-झी. बियॉन्से, मेरी जे. ब्लाइज, मिसी एलियट, फॅरेल अशी तगडी मंडळी त्याला निरोप द्यायला आली होती. अकराच दिवसांपूर्वी त्याचा ‘द ब्लॅक अल्बम’ बाजारात आला होता आणि हा आपला शेवटचा अल्बम असल्याचं त्यानं आधीच जाहीर केलं होतं. या कार्यक्रमावर पुढे ‘फेड टू ब्लॅक’ नावाची डॉक्युमेंटरीही आली.

एखादा खेळाडू शेवटच्या मॅचमध्ये सेंच्युरी ठोकून बॅट उंचावतो आणि पॅव्हेलियनमध्ये जातो, तसा हा निरोप होता. इथंच गोष्ट संपली असती, तर ती रॅपच्या इतिहासातली सगळ्यात देखणी एक्झिट ठरली असती.

पण तीन वर्षांनी, २१ नोव्हेंबर २००६ ला, जे-झी नवा अल्बम घेऊन परत आला. नाव होतं ‘किंगडम कम’. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत सुमारे ६ लाख ८० हजार कॉपी खपल्या आणि अल्बम थेट बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. तरीही आज जे-झीचे कट्टर फॅन्स या अल्बमचं नाव काढलं की विषय बदलतात. खुद्द जे-झीनंच तो आपला सगळ्यात कमकुवत अल्बम असल्याचं मान्य केलंय.

मग नेमकं बिघडलं कुठं? रिटायर झालेला कलाकार परत येतो तेव्हा असं का होतं? आणि सोलापूरच्या एका शाहिराच्या गोष्टीशी याचा काय संबंध? सविस्तर बघूया.

आधी जे-झी कोण, ते समजून घेऊ

जे-झीचा जन्म ४ डिसेंबर १९६९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. तो वाढला ‘मार्सी हाउसेस’ नावाच्या सरकारी वसाहतीत. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आई ग्लोरिया कार्टर यांनी मुलांना वाढवलं. तरुणपणी त्यानं रस्त्यावर ड्रग्ज विकले आणि ही गोष्ट त्यानं कधी लपवली नाही. त्याच्या गाण्यांचा कच्चा मालच ती होती.

कुठलीही मोठी कंपनी दारात उभं करत नव्हती. मग त्यानं डेमन डॅश आणि करीम ‘बिग्ज’ बर्क या दोन साथीदारांबरोबर स्वतःचीच कंपनी काढली, ‘रॉक-ए-फेला रेकॉर्ड्स’. १९९६ मध्ये तिथूनच त्याचा पहिला अल्बम आला, ‘रीझनेबल डाउट’. त्यानंतर जवळपास दरवर्षी एक अल्बम हा त्याचा नेमच झाला. २००१ मध्ये आलेला ‘द ब्लूप्रिंट’ आजही रॅपच्या सर्वोत्तम अल्बममध्ये गणला जातो.

त्याच वर्षी न्यूयॉर्कचाच दुसरा मोठा रॅपर नॅस याच्याशी त्याची जोरदार जुंपली. जे-झीनं ‘टेकओव्हर’ हे गाणं काढून नॅसला डिवचलं. नॅसनं ‘ईथर’ काढून परतफेड केली. रॅपमध्ये याला ‘बीफ’ म्हणतात. मराठी माणसाला हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात दोन शाहीर समोरासमोर यायचे, एकानं कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं ते कवनातूनच फोडायचं. सवाल-जवाबाचा तोच खेळ इथं माइक आणि बीटवर चालतो.

मग रिटायरमेंट कशासाठी?

२००३ पर्यंत जे-झीकडे सिद्ध करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. हिट अल्बम होते, रॉकावेअर हा कपड्यांचा ब्रँड होता, ‘४०/४०’ नावाचा क्लब होता. ‘द ब्लॅक अल्बम’ची आखणीही निरोपासारखीच होती. त्यातल्या ‘डिसेंबर फोर्थ’ या गाण्यात त्याची आई स्वतःच्या आवाजात त्याच्या जन्माची आणि लहानपणाची आठवण सांगते. ‘नाइन्टी नाइन प्रॉब्लेम्स’ आणि ‘डर्ट ऑफ युवर शोल्डर’ ही गाणी याच अल्बमची.

रॅप हा तेव्हा पोरांचा खेळ समजला जायचा. ही कलाच मुळात १९७० च्या दशकात जन्मलेली. चाळिशीत, पन्नाशीत पोचलेला रॅपर नेमकं काय गातो, हे कुणी फारसं पाहिलेलंच नव्हतं. त्यामुळे वेळेवर बाजूला होणं हाच शहाणपणा वाटत होता.

पण तो खरंच थांबला का?

तर नाही. २००४ मध्येच त्याचे दोन जोड-अल्बम आले. त्यातला लिंकिन पार्क या रॉक बँडबरोबरचा ‘कोलिजन कोर्स’ तुफान चालला. त्यातल्या ‘नंब/एन्कोर’ला पुढे ग्रॅमीही मिळाला. इतरांच्या गाण्यात त्याचे पाहुणे म्हणून अंतरे येतच होते.

पण त्याचं मुख्य काम बदललं होतं. २००४ च्या अखेरीला त्याची ‘डेफ जॅम’ या बड्या रॅप कंपनीच्या अध्यक्षपदी नेमणूक जाहीर झाली. ज्या धंद्यानं एकेकाळी त्याला दारात उभं केलं नव्हतं, तिथं आता तो खुर्चीवर बसून कुणाला संधी द्यायची ते ठरवणार होता. बार्बाडोसहून आलेली रिहाना नावाची कोवळी मुलगी त्याच्याच काळात डेफ जॅममध्ये आली. याच काळात डेमन डॅशबरोबरची जुनी भागीदारी मात्र तुटली.

ऑक्टोबर २००५ मध्ये न्यू जर्सीत त्याचा एक मोठा कार्यक्रम झाला. नाव होतं ‘आय डिक्लेअर वॉर’, म्हणजे ‘मी युद्ध पुकारतोय’. लोकांना वाटलं, आता कुणाची तरी धुलाई होणार. झालं उलटंच. त्यानं नॅसला स्टेजवर बोलावलं आणि भांडण मिटवलं. काही महिन्यांतच नॅस डेफ जॅममध्ये दाखल झाला. कालचा दुश्मन आता जे-झीच्याच कंपनीचा कलाकार होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण रॅपची गादी रिकामी राहत नाही. न्यू ऑर्लिन्सचा लिल वेन डिसेंबर २००५ मध्ये आलेल्या ‘था कार्टर टू’मधून उघडपणे सांगू लागला की हयात रॅपर्समध्ये सर्वोत्तम मीच. अटलांटाचा टी. आय. ‘किंग’ नावाचा अल्बम घेऊन आला. रॅपचं केंद्र न्यूयॉर्कहून दक्षिणेकडे सरकत होतं.

पुनरागमनाचा बार

‘किंगडम कम’ हे नाव आलं डीसी कॉमिक्सच्या १९९६ च्या एका मालिकेवरून. मार्क वेड आणि ॲलेक्स रॉस यांच्या त्या कथेत निवृत्त झालेला सुपरमॅन जग बिघडलेलं पाहून परत येतो. म्हणजे जे-झीनं स्वतःसाठी कुठली भूमिका निवडली होती, हे नावातच कळतं. रॅप संकटात आहे आणि तारणहार परततोय, असा एकूण आविर्भाव होता.

साथीदारही तसेच भारी. जस्ट ब्लेझ, कान्ये वेस्ट, फॅरेल यांचं संगीत. अल्बमच्या मोठ्या भागावर डॉ. ड्रे यांचा हात. पाहुण्यांमध्ये बियॉन्से, अशर, जॉन लेजंड, नी-यो आणि कोल्डप्लेचा क्रिस मार्टिन.

पहिलं गाणं होतं ‘शो मी व्हॉट यू गॉट’. ते वेळेआधीच इंटरनेटवर फुटलं. व्हिडिओ मोनॅकोत शूट झालेला, त्यात रेसिंग ड्रायव्हर डॅनिका पॅट्रिक आणि डेल अर्नहार्ट ज्युनियर गाड्या पळवताना दिसतात. त्याच गाण्यावर एका बिअर ब्रँडची जाहिरातही आली. गाण्यात पब्लिक एनिमी या बंडखोर ग्रुपच्या जुन्या रेकॉर्डचा तुकडा वापरलेला होता. याला ‘सॅम्पल’ म्हणतात, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा छोटा भाग उचलून त्याभोवती नवं गाणं बांधायचं. बंडाच्या संगीताचा तुकडा आता बिअर आणि स्पोर्ट्स कारसोबत वाजत होता. काहींना तिथंच पहिली शंका आली.

मग फसलं काय?

समीक्षकांचा सूर संमिश्र होता, फॅन्सचा त्याहून थंड. कारणं साधारण चार सांगता येतात.

एक, ऐकणारा कुठं दिसत नव्हता. जे-झीच्या जुन्या गाण्यांत एक पोरगा होता, ज्याला बाहेर पडायचंय. ऐकणारा ब्रुकलिनचा असो वा आणखी कुठला, त्याला त्यात स्वतःची धडपड सापडायची. ‘किंगडम कम’मधला माणूस मात्र पोचलेला होता. खासगी सुट्ट्या, महागडी शॅम्पेन, हॉलिवूडची प्रसिद्धी असे विषय वारंवार येतात. श्रीमंती आधीही असायची, पण तेव्हा ती मिळवलेली वाटायची. आता ती नुसती सांगितलेली वाटत होती.

दोन, वयाचा विषय बचावाच्या सुरात आला. अल्बम आला तेव्हा जे-झी ३६ वर्षांचा होता. ‘थर्टी समथिंग’ या गाण्यात तो तिशी उलटल्याचा अभिमान सांगतो आणि पोरकट वागणाऱ्यांना टोमणे मारतो. कल्पना चांगली होती. पण मोठं होण्यात नेमकं काय कमावलं आणि काय गमावलं, यापेक्षा ‘मी अजून भारी आहे’ हे सांगण्यातच गाणं खर्ची पडतं. वीस वर्षांच्या पोराला ते काकांनी कान उपटल्यासारखं वाटलं आणि तिशीतल्या ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचं फारसं काही सापडलं नाही.

तीन, सूर जुळला नाही. सुरुवातीची गाणी जस्ट ब्लेझच्या दणदणीत बीट्सवर आहेत. टायटल ट्रॅकमध्ये तर त्यानं रिक जेम्सच्या ‘सुपर फ्रीक’चे तुकडे करून सगळ्यांना चकित केलं. पण पुढे डॉ. ड्रे यांचं संथ, थंड संगीत येतं, मध्येच अशरबरोबरचं क्लबचं गाणं, मग बियॉन्सेबरोबरचं पॉप. प्रत्येक प्रकारच्या ग्राहकासाठी एकेक पदार्थ ठेवलेल्या बुफेसारखा हा अल्बम झाला.

चार, अपेक्षा अशक्य होत्या. हा मुद्दा जे-झीच्या बाजूचा आहे. त्याचा एखादा नेहमीचा अल्बम असता, तर लोकांनी ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यानं स्वतःच निरोपाचा सोहळा केला होता. शेवटचा अल्बम म्हणून लोकांनी ‘द ब्लॅक अल्बम’ मनात फ्रेम करून ठेवला होता. ती फ्रेम मोडायची, तर तितकंच मोठं कारण हवं होतं. ‘मला परत यावंसं वाटलं’ एवढं कारण पुरलं नाही.

मग अल्बममध्ये चांगलं काहीच नाही?

आहे, आणि ते आवर्जून ऐकण्यासारखं आहे. ‘लॉस्ट वन’ या गाण्यात तारणहार वगैरे गायब होतो. तुटलेली भागीदारी, कामापायी हातातून सुटत चाललेलं नातं आणि शेवटी कुटुंबातल्या एका तरुणाचा अपघाती मृत्यू, अशा तीन हरवलेल्या गोष्टींबद्दल तो बोलतो. ज्या गाडीत तो मुलगा गेला, ती जे-झीनंच त्याला घेऊन दिली होती. त्या अपराधीपणाबद्दल तो गाण्यात उघडपणे बोलतो. श्रीमंतीची फुशारकी मारणाऱ्या अल्बममध्ये, त्याच श्रीमंतीतून दिलेल्या भेटीचं हे ओझं येतं. ते ऐकून गप्प व्हायला होतं.

‘मायनॉरिटी रिपोर्ट’ हे गाणं कॅटरिना वादळावर आहे. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं, तेव्हा छपरांवर अडकलेले लोक बहुसंख्येनं काळे आणि गरीब होते. या गाण्यात जे-झी सरकारला सुनावतो, पण स्वतःलाही सोडत नाही. नुसते पैसे पाठवून आपण मोकळे झालो का, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो.

म्हणजे लिहिण्याची ताकद गेली नव्हती. जिथं खरोखर काही पणाला लागलं होतं, तिथं ती लगेच दिसत होती.

२००८ च्या ग्रॅमीमध्ये सर्वोत्तम रॅप अल्बमसाठी ‘किंगडम कम’ला नामांकन मिळालं. नॅसचा ‘हिप हॉप इज डेड’ही त्याच यादीत होता. पुरस्कार गेला कान्ये वेस्टच्या ‘ग्रॅज्युएशन’ला. एकेकाळी जे-झीसाठी बीट्स बनवणारा पोरगा आता पुढे निघाला होता.

सोलापूरच्या राम जोशींनी काय केलं होतं?

लोकांसमोर उभं राहून कवनं गाणाऱ्या कलाकाराचं दुसरं पर्व, हा विषय आपल्याकडे दोनशे वर्षं जुना आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात सोलापुरात राम जोशी नावाचे शाहीर होऊन गेले. जन्म वैदिक परंपरेच्या ब्राह्मण घरातला, पण ओढ तमाशाच्या फडाची. घरच्यांना ते रुचलं नाही आणि त्यांना घराबाहेर पडावं लागलं, असं परंपरेनं सांगितलं जातं. पंढरपूरला त्यांनी संस्कृतचं शिक्षण घेतलं आणि मग ती सगळी शब्दकळा लावणीत ओतली. डफावर थाप पडली की पंडितही मान डोलवायचे आणि बाजारात आलेला शेतकरीही.

पुढे बारामतीचे कवी मोरोपंत यांच्या प्रभावानं राम जोशी कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. १९४७ मध्ये राजकमलनं त्यांच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट काढला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांचा हा चित्रपट प्रचंड गाजला.

राम जोशींची गोष्ट इथं आठवते ती एका कारणासाठी. लावणीतून कीर्तनाकडे जाताना श्रोता बदलतो, विषय बदलतो, गाणाऱ्यानं स्वतःबद्दल काय सांगायचं तेही बदलतं. हातातली विद्या मात्र तीच राहते. दुसऱ्या पर्वात जुन्याच फडावर जुनाच खेळ पुन्हा मांडला, तर लोक कालच्या खेळाशी तुलना करणारच.

हिंदी सिनेमातही हेच दिसलं. १९९२ च्या ‘खुदा गवाह’नंतर अमिताभ बच्चन यांनी कामातून विश्रांती घेतली. १९९७ मध्ये ते ‘मृत्युदाता’मधून परतले, पुन्हा तोच अँग्री हिरो बनून, आणि चित्रपट आपटला. लोकांनी त्यांना परत डोक्यावर घेतलं ते २००० मध्ये, ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘मोहब्बतें’मुळे. तिथं ते आपल्या वयाला शोभेल अशा नव्या रूपात आले होते.

जे-झी सावरला कसा?

लवकरच सावरला. वर्षही पुरतं उलटलं नव्हतं. रिडली स्कॉट यांचा ‘अमेरिकन गँगस्टर’ हा चित्रपट पाहून त्याला आपले जुने दिवस आठवले आणि ६ नोव्हेंबर २००७ ला त्याच नावाचा अल्बम आला. ड्रग्ज विकणाऱ्या पोराचा उदय आणि अस्त अशी एकसंध कथा, जुन्या सोल संगीताचा पाया. पहिल्या आठवड्याची विक्री ‘किंगडम कम’पेक्षा बरीच कमी, सुमारे सव्वाचार लाख. कौतुक मात्र कितीतरी जास्त. त्याच वर्षाच्या अखेरीला त्यानं डेफ जॅमचं अध्यक्षपद सोडलं.

२००९ मध्ये ‘एम्पायर स्टेट ऑफ माइंड’ आलं, आणि इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत मुख्य गायक म्हणून त्याचं पहिलं गाणं बिलबोर्डच्या हॉट हंड्रेडमध्ये नंबर वन झालं. तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता.

डिसेंबर २०१३ मध्ये, आपल्या ४४ व्या वाढदिवशी, त्यानं स्वतःच्या बारा सोलो अल्बमची क्रमवारी लावली. पहिला ‘रीझनेबल डाउट’, दुसरा ‘द ब्लूप्रिंट’, तिसरा ‘द ब्लॅक अल्बम’. आणि बारावा, म्हणजे तळाला, ‘किंगडम कम’. परतल्यावरची ती पहिलीच मॅच होती, जरा सांभाळून घ्या, अशा अर्थाची मिश्किल टीपही त्यानं जोडली.

खरं उत्तर आलं २०१७ मध्ये. ४७ वर्षांच्या जे-झीचा ‘फोर फोर्टी फोर’ हा अल्बम. दहाच गाणी, सगळ्यांचं संगीत एकाच माणसाचं, नो आय. डी. याचं. त्यात तो बायकोशी केलेल्या प्रतारणेची कबुली देतो, आईनं आयुष्यभर लपवलेल्या समलैंगिकतेबद्दल तिच्या संमतीनं बोलतो, पुढच्या पिढीसाठी पैसा कसा राखायचा ते सांगतो. श्रीमंती आहे, वय आहे, घरसंसार आहे. २००६ मधलेच विषय. फरक एवढाच की यावेळी तो स्वतःची बाजू सावरत बसला नाही. अल्बमला ग्रॅमीची आठ नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. पण मध्यमवयीन माणूस रॅपमध्ये काय सांगू शकतो, हा २००३ मध्ये अनुत्तरित राहिलेला प्रश्न त्यानं सोडवला होता.

याचं आपल्याला काय?

आज सोलापूर असो वा सांगली, मोबाइलवर बीट लावून मराठीत रॅप करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. २०१९ च्या ‘गली बॉय’नं मुंबईचा रॅप देशभर नेला. त्या चित्रपटाचा कार्यकारी निर्माता होता नॅस, जे-झीचा तोच जुना प्रतिस्पर्धी. आपल्याकडची रॅपर्सची पहिली मोठी पिढी आता तिशीत आली आहे. घर झालंय, गाडी आलीय, ज्या गल्लीवर गाणी लिहिली ती मागे सुटलीय. ‘आता काय सांगायचं?’ हा प्रश्न त्यांच्याही दारात उभा आहे.

सोशल मीडियावर ‘मी सोडतोय’ अशी पोस्ट टाकणं आणि महिन्याभरात परत येणं आता नेहमीचं झालंय. त्यामुळे निरोपाची किंमतही घसरलीय. जे-झीनं ती किंमत पुरेपूर मोजली. पहिल्या आठवड्यात रांग लावणारे जवळपास सात लाख लोक जुन्या विश्वासावर आले होते. अल्बम पुन्हा ऐकावासा वाटतो का, हे त्यांनी नंतर ठरवलं. आज त्यातलं एकच गाणं ऐकायचं असेल, तर ‘लॉस्ट वन’ लावा. परत येण्याचं खरं कारण तिथं होतं. बाकीचा अल्बम ते शोधत राहिला.